वावरातलं आणि शाळेतलं संशोधन: निष्कर्ष टिकेल की नाही, हे पेरणीआधीच कसं तपासायचं

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत बीएस्सी कृषी, एमएसडब्ल्यू, एमएड किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांना कधी ना कधी प्रकल्प करावाच लागतो. संशोधन पद्धतीच्या पेपरात ‘वैधता’ नावाचं प्रकरण असतं. त्यातली धोक्यांची यादी पाठ होते, व्हायवात धडाधड म्हटली जाते आणि प्रत्यक्ष आराखड्यात मात्र तिचा मागमूस नसतो. ती यादी कामाला कशी लावायची, ते इथे पायरीपायरीने पाहू.

दोन कल्पित उदाहरणं शेवटपर्यंत सोबत घेऊ. पहिलं वावरातलं: सपाट पेरणीऐवजी बीबीएफ यंत्राने, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरलं तर कोरडवाहू सोयाबीनचा एकरी उतारा वाढतो का? दुसरं शाळेतलं: लोहाच्या गोळ्यांसोबत आहाराचं समुपदेशन केलं तर आठवी ते दहावीच्या मुलींचं हिमोग्लोबिन वाढतं का?

आधी एक गैरसमज दूर करू. वैधता हा निष्कर्षाचा गुण आहे. प्रश्नावली किंवा यंत्र ‘वैध’ असलं म्हणजे काम भागलं, असं होत नाही. त्याच वहीतल्या त्याच आकड्यांवरून काढलेला एक निष्कर्ष टिकतो आणि दुसरा कोसळतो. ‘या दहा वावरांत बीबीएफच्या पट्ट्यांत जास्त पिकलं’ हे खरं असू शकतं आणि ‘बीबीएफमुळे विदर्भात सोयाबीन वाढतं’ हे त्याच आकड्यांतून अजिबात न निघणारं असू शकतं.

पायरी १: दावा एका वाक्यात लिहा

शीर्षक नको, उद्दिष्टांची लांबलचक यादी नको. एकच वाक्य, ज्यात काय केलं, कशाशी तुलना केली, काय मोजलं, कुणावर, कुठे आणि कधी हे सगळं येतं. ‘अमुक तालुक्यातल्या मध्यम ते भारी कोरडवाहू जमिनीत, या खरिपात, सपाट पेरणीच्या तुलनेत बीबीएफमुळे सोयाबीनचं एकरी उत्पादन वाढलं.’

या वाक्याला चार प्रश्न विचारायचे. फरक खरोखर आहे की योगायोगाने दिसतोय? फरक असेल तर तो आपण केलेल्या गोष्टीमुळेच आहे का? आपण ज्याला ‘बीबीएफ’ आणि ‘उत्पादन’ म्हणतोय तेच मोजलंय का? आणि हे दुसऱ्या गावात, दुसऱ्या वर्षी लागू पडेल का? अनुक्रमे सांख्यिकीय निष्कर्षाची वैधता, अंतर्गत वैधता, संकल्पनेची वैधता आणि बाह्य वैधता. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ मध्ये अंतर्गत आणि बाह्य अशी दोनच घरं मांडली होती. पुढे १९७९ मध्ये थॉमस कुक आणि कॅम्पबेल यांनी त्यांची चार केली. परीक्षेपुरतं एवढं पुरे. आपला बहुतेक वेळ दुसऱ्या प्रश्नावर जाणार आहे, कारण विद्यार्थ्यांचे प्रकल्प तिथेच कोसळतात.

पायरी २: धुऱ्यावर उभ्या माणसाला बोलू द्या

धोका म्हणजे काय? तुमच्या निकालाचं दुसरं पटण्यासारखं कारण. हे कारण शोधायला पुस्तकापेक्षा गाव जास्त उपयोगी पडतं. आराखडा घेऊन पाचसहा शेतकऱ्यांत बसा आणि सांगा, ‘समजा बीबीएफवाल्यांना दोन क्विंटल जास्त झालं, तर तुम्ही काय म्हणाल?’ कुणीतरी म्हणेलच, ‘यंत्र चांगलं असन बावा, पण त्याचं वावर काळं हाय, आमचं बरड.’ दुसरा म्हणेल, ‘त्यानं पेरलं कवा अन् आमी पेरलं कवा!’ बाहेरून येणारे परीक्षक याहून वेगळं काही विचारत नाहीत, फक्त त्यांची भाषा निराळी असते. जे जे ऐकाल ते वहीत उतरवा आणि मग पुस्तकातल्या नावांशी जोड्या लावा.

पहिल्या शेतकऱ्याने सांगितला तो निवडीचा धोका. बीबीएफ यंत्र कोण वापरतो? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे किंवा भाड्याने आणायची ऐपत आहे, ज्याची कृषी सहायकाशी ओळख आहे, ज्याचं वावर रस्त्याला लागून आणि सलग आहे. अशा माणसाला सपाट पेरणीतही शेजाऱ्यापेक्षा जास्त पिकलं असतं. बीटी कापसाबद्दल वर्षानुवर्षं चाललेल्या वादाचा मोठा भाग हाच आहे. मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर सुरुवातीला महागडं बियाणं कुणी घेतलं, त्यांच्याकडे ओलित होतं का, खत किती टाकलं, हे बाजूला ठेवून ‘बीटीवाले’ आणि ‘बिगरबीटीवाले’ यांच्या उताऱ्याची नुसती तुलना केली, तर बियाण्याचा परिणाम आणि शेतकऱ्याच्या ऐपतीचा परिणाम एकमेकांत मिसळतात. नंतर ते कुठल्याही सूत्राने पूर्ण वेगळे होत नाहीत.

दुसऱ्या शेतकऱ्याचा मुद्दा पेरणीच्या तारखेचा. यंत्र एकच आणि मागणारे दहा, त्यामुळे बीबीएफची पेरणी पुढेमागे होते. सोयाबीनला आठवड्याचा उशीरही जाणवतो. म्हणून दोन्ही प्रकारची पेरणी त्याच वावरात, त्याच दिवशी व्हायला हवी, हे आराखड्यात लिहूनच ठेवा.

मधल्या काळात घडलेल्या घटनांना पुस्तकं ‘इतिहास’ म्हणतात. शाळेच्या उदाहरणात हा धोका फार मोठा आहे. मुलींचं हिमोग्लोबिन डिसेंबरात मोजलं, समुपदेशन केलं आणि एप्रिलमध्ये पुन्हा मोजलं, तर मध्ये १० फेब्रुवारी येतो. तो राष्ट्रीय जंतनाशक दिवस. शाळेत सगळ्यांना अल्बेंडाझोल मिळालं. शिवाय १० ते १९ वयोगटाला शाळेतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम २०१२ पासून आहेच. मग आकडा वाढला तो तुमच्या समुपदेशनाने, जंताच्या गोळीने की सर यंदा निळी गोळी नेमाने वाटायला लागले म्हणून? एकाच शाळेत ‘आधी आणि नंतर’ मोजणाऱ्या आराखड्याकडे याचं उत्तर नसतं. एमएडचे निम्मे प्रकल्प नेमके असेच असतात, ही माझी जुनी तक्रार.

वाढ आणि परिपक्वता हा धोका लहान वाटतो, पण तेरा-चौदाच्या मुलींत पाळी सुरू होणं, उंची झपाट्याने वाढणं यांचा रक्तावर परिणाम होतो. चार महिन्यांत मुलगी तीच राहत नाही. सोयाबीनला हा प्रश्न नाही.

सरासरीकडे परतणं नीट समजून घ्या, कारण हा धोका दिसत नाही आणि सगळ्यात जास्त फसवतो. समजा दोनशे मुलींचं हिमोग्लोबिन मोजलं, त्यातल्या सगळ्यात कमी आकडा आलेल्या तीस जणी निवडल्या आणि त्यांनाच गोळ्या-समुपदेशन दिलं. कुठल्याही एका दिवसाच्या मोजणीत थोडी चूक असतेच. तीस जणींपैकी काही खरोखर अशक्त आहेत, तर काहींचा आकडा त्या दिवशी योगायोगाने खाली आला. दुसऱ्यांदा मोजल्यावर या दुसऱ्या प्रकारच्या मुली काहीही न करता वर येतात आणि गटाची सरासरी सुधारते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं होतं. ‘सर्वात मागास’, ‘सर्वात कुपोषित’, ‘सर्वात कमी उताऱ्याचे’ अशी निवड करून पुन्हा मोजणारा प्रत्येक अहवाल या सापळ्यात असतो, सरकारी योजनांचे यशोगाथा-अहवालही. उपाय दोन. तीसपैकी कुणाला उपाय आधी आणि कुणाला नंतर हे चिठ्ठीने ठरवा, किंवा निवडीसाठी एक मोजणी आणि सुरुवातीचा आकडा म्हणून वेगळ्या दिवसाची दुसरी मोजणी वापरा. जमलं तर दोन्ही करा.

साधन बदलणं. डिसेंबरात साहलीच्या नळीने मोजलं आणि एप्रिलमध्ये डिजिटल यंत्राने, तर फरक यंत्राचाही असू शकतो. शिरेतून घेतलेलं रक्त आणि बोट टोचून घेतलेला थेंब यांचे आकडेही जुळतीलच असं नाही. बोट जोरात दाबलं की ऊतींतला द्रव मिसळतो. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतलं रक्तक्षयाचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ५३ टक्के होतं. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ते ५७ टक्के आलं. तेव्हा तज्ज्ञांमध्ये जो वाद झाला त्यात बोटाच्या रक्ताचा मुद्दा अग्रभागी होता. राष्ट्रीय सर्वेक्षणाला हा प्रश्न सुटला नाही, तर आपल्याला सुटायचं कारण नाही. एकच यंत्र, एकच पद्धत आणि शक्यतो एकच मोजणारी व्यक्ती ठेवा. वावरातला याचा भाऊबंद म्हणजे कट्टे मोजून उतारा सांगणं. एकाचा कट्टा साठ किलोचा, दुसऱ्याचा सत्तरचा. काट्यावर वजन करा.

गळती. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबं कामाला बाहेर पडतात, तसंच कमीअधिक इतर तालुक्यांतही. एप्रिलच्या मोजणीला ज्या मुली नसतील त्या बहुधा जास्त गरीब घरच्या असतील. उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाईल. गळती झालीच तर किती गेल्या हे लिहून थांबू नका. गेलेल्यांचा सुरुवातीचा आकडा राहिलेल्यांच्या आकड्याशी ताडून दाखवा. वावरात गळती करतात रोही आणि रानडुकरं. जंगलाकडेला असलेले पट्टे खाल्ले गेले आणि तुम्ही ते हिशेबातून काढले, तर काढलेले पट्टे कोणत्या गटाचे होते हे सांगावं लागेल.

राहिला पसरण्याचा धोका. समुपदेशनाची पुस्तिका बहिणीच्या शाळेत जाते, गोळ्या घरात वाटल्या जातात. शेजारचा शेतकरी बीबीएफ पाहून स्वतःच नांगराने सऱ्या पाडतो. गावात हे थांबवता येत नाही, थांबवूही नये. त्याची नोंद ठेवायची, आणि शक्य असेल तर तुलनेची शाळा दुसऱ्या बाजाराच्या गावातली घ्यायची.

पायरी ३: तुलना कुणाशी, आणि चिठ्ठी कोण काढणार

वरचे बहुतेक धोके एका गोष्टीने सौम्य होतात: सगळं सारखं असलेला, फक्त आपला उपाय न मिळालेला दुसरा गट. इतिहास, वाढ, साधन, सरासरीकडे परतणं, हे सगळं दोन्ही गटांत सारखंच घडतं आणि वजाबाकीत निघून जातं. समजा समुपदेशनाच्या गटात हिमोग्लोबिन १०.४ वरून ११.३ झालं, म्हणजे ०.९ ने वाढलं. तुलनेच्या गटात १०.५ वरून ११.० झालं, म्हणजे ०.५ ने. तुमच्या वाट्याला ०.९ येत नाही, ०.४ येतं.

पण निवडीचा धोका वजाबाकीने जात नाही. त्यासाठी कोणाला काय मिळेल हे माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठीवर सोडावं लागतं. ही पद्धत शेतीनेच जगाला दिली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाला. जमिनीचा कस हातभर अंतरावर बदलतो ही तिथली अडचण आपल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यावर त्याने तीन नियम बसवले: पुनरावृत्ती, चिठ्ठीने वाटप, आणि सारख्या जमिनीचे गट पाडून त्या गटाच्या आत तुलना.

आपल्या वावरात हे असं करा. आधी शेतकऱ्यासोबत वावरभर फिरा. कुठे पाणी साचतं, कुठे मुरूम वर आलाय, जुना उकिरडा कुठे होता, बाभळीची सावली कुठवर पडते, हे तोच सांगेल. उतार वरून खाली जात असेल तर वरच्या अंगाचा एक गट, मधला एक, खालचा एक. प्रत्येक गटात शेजारीशेजारी दोन पट्टे, एक बीबीएफ आणि एक सपाट. कोणता कुठे, हे त्या गटापुरती चिठ्ठी काढून ठरवायचं. पट्टा इतका रुंद हवा की ट्रॅक्टर वळेल आणि दोन्ही कडांच्या ओळी सोडूनही मोजायला पीक उरेल. बीबीएफच्या सरीतलं पाणी सपाट पट्ट्यात उतरलं तर तुलनाच बिघडते, म्हणून मध्ये मोकळी जागा आणि पाण्याला वेगळी वाट. एका वावरात तीन जोड्या झाल्या की हेच आणखी पाचसात वावरांत करा.

चिठ्ठी लोकांसमोर काढा, शाळेतल्या लहान मुलीच्या हाताने काढा. ‘सरांनी आपल्या माणसाला दिलं’ हा संशय तिथेच मिटतो. संशय राहिला तर माहितीही खोटी मिळते. एकाआड एक घर, दर तिसरं नाव, जो आधी आला तो, हे चिठ्ठीसारखं दिसतं पण चिठ्ठी नाही. तसंच चिठ्ठी निघाल्यावर ‘यांचं वावर जवळ पडतं’ म्हणून बदल करायचा नाही.

शाळेच्या बाबतीत एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं रेंगाळतो. एका गावच्या शाळेत समुपदेशन, दुसऱ्या गावची शाळा तुलनेला, प्रत्येकी शंभर मुली, एकूण नमुना दोनशे. दिसायला भक्कम. पण उपाय दिला शाळेला, मुलीला नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने नमुना आहे दोन: एक शाळा विरुद्ध एक शाळा. एका गावात धान्याचं वाटप वेळेवर होतं, दुसऱ्यात नाही, एवढ्यानेही सगळा फरक पडू शकतो. एका शाळेतल्या मुली एकमेकींसारख्या असतात म्हणून नमुन्याचं वजन घटतं. किती घटतं याचं सूत्र सोपं आहे: १ अधिक (दर शाळेतल्या मुली वजा १) गुणिले साम्याचा गुणांक. दहा शाळांत पन्नासपन्नास मुली आणि गुणांक ०.०५ धरला, तर १ + ४९ × ०.०५ = ३.४५. म्हणजे पाचशे मुलींची माहिती सुट्या निवडलेल्या सुमारे १४५ मुलींइतकीच. यावरून ठरवा: शाळेमागे मुली वाढवण्यापेक्षा शाळा वाढवलेल्या बऱ्या. दहा-बारा शाळा झेपत नसतील तर प्रत्येक शाळेच्या आत मुलींच्या चिठ्ठ्या काढा आणि पुस्तिका मैत्रिणीकडे जाणार हे गृहीत धरा.

तुलनेच्या गटाला वंचित ठेवायचं का? सरकारी गोळी दोघींनाही मिळतच राहिली पाहिजे, ती थांबवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तुमचं समुपदेशन मात्र एका गटाला आता आणि दुसऱ्याला मोजणी संपल्यावर देता येतं. मुख्याध्यापकही यालाच चटकन होकार देतात. आणि जिचा आकडा फार कमी निघेल तिला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, मग ती कोणत्याही गटातली असो.

चिठ्ठी शक्यच नसेल तर काय, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात उपायाची ३९ गावं आणि तुलनेची ४७ गावं होती. वाटप चिठ्ठीने नव्हतं. पण १९९३ ते १९९५ या काळात दोन्ही भागांतली सुरुवातीची स्थिती नोंदवली होती, तुलनेचा भाग पुढेही मोजला जात होता आणि गावं दोन नव्हती, शहाऐंशी होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षात तिसऱ्या वर्षी उपायाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या भागाशी ताडता निव्वळ घट ६२ टक्के. टीकाकार निवडीचा प्रश्न विचारू शकतात. पण ‘साथ ओसरली असेल’, ‘पाऊसपाणी बरं झालं असेल’ ही कारणं त्यांच्या हातातून निसटतात, कारण ती तुलनेच्या गावांनाही लागू असती. चिठ्ठी नसेल तेव्हा सुरुवातीची मोजणी आणि गावांची संख्या यांवर मेहनत घ्या.

पायरी ४: नाव एकाचं आणि माप दुसऱ्याचं असं होतंय का

शीर्षकात ‘लोहाची कमतरता’ आणि मोजलं हिमोग्लोबिन. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात, ही फारकत महाग पडते, कारण इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाची गोळी त्याचं उत्तर नाही. नुसत्या वाहक मुलीला बहुधा रक्तक्षय नसतो. आजाराच्या दोनचार मुली एका गटात जास्त आल्या तर उपाय निकामी दिसेल. म्हणून सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या नोंदीतून, पालकांच्या संमतीने पाहा, आणि शीर्षकात जे मोजलं तेच लिहा: हिमोग्लोबिन.

वावरातही असंच. बीबीएफवर सरीच्या जागी ओळी जात नाहीत, म्हणून एकरी बियाणं कमी पडतं. मग उतारा वाढला तो पाण्याचा निचरा झाला म्हणून, की झाडांची गर्दी कमी झाली म्हणून? तुमचा ‘उपाय’ ही अनेक गोष्टींची एकत्र बांधलेली मोट आहे. मोट म्हणूनच तिच्याबद्दल बोला, नाहीतर विरळ सपाट पेरणीचा तिसरा पट्टा घ्या. उत्पादन तोलताना ओलावाही पाहा. सोयाबीनसाठी १२ टक्के ओलावा हे प्रमाण मानतात. १६ टक्के ओलाव्याचे १० क्विंटल म्हणजे १० × ८४ ÷ ८८, साधारण ९.५५ क्विंटल. परतीच्या पावसात एक पट्टा आधी आणि दुसरा नंतर सोंगला तर एवढ्यानेच निकाल फिरतो. थ्रेशरवर दोन पट्ट्यांचा माल मिसळू नये म्हणून कट्ट्याच्या आतही चिठ्ठी टाका. बाहेरची फाटते.

माणसाला विचारून मिळणारी माहिती सगळ्यात नाजूक. ‘किती पिकलं?’ याचं उत्तर विचारणारा कोण वाटतो यावर ठरतं. पीकविम्याचा माणूस वाटला तर कमी, बियाण्याच्या कंपनीचा वाटला तर निराळं. सोबत सरपंच असेल तर आणखी निराळं. आशाताईंनी गोळ्या वाटल्या आणि त्यांनीच विचारलं, ‘घेतल्या ना गं?’ तर उत्तर ‘हो’च येणार. वाटणारी आणि विचारणारी व्यक्ती वेगळी ठेवा. उरलेल्या गोळ्या मोजा. वजन करणाऱ्याला पट्टा कोणता हे कळू देऊ नका, कट्ट्यावर नुसता आकडा लिहा.

प्रश्नांची भाषाही इथलीच हवी. ‘आपण समतोल आहार घेता काय?’ याला कुणी नाही म्हणत नाही. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं?’ असं विचारा, आणि तो दिवस बाजाराचा, उपासाचा किंवा पोळ्याचा नव्हता ना ते पाहा. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरांत प्रश्नावली त्या भाषेत करून घ्या आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून ती परत मराठीत करवा. दोन मराठी पाठ जुळले नाहीत तर घोळ कुठे आहे ते लगेच कळतं.

आपण वारंवार जातो त्या पट्ट्यात डवरणी वेळेवर होते आणि तणही कमी राहतं. पाहुणा येणार म्हणून. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून चाललेल्या प्रयोगांवरून या परिणामाला नाव मिळालं. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर सारख्याच फेऱ्या मारा.

पायरी ५: आकडेमोडीचा माणूस पेरणीआधी गाठा

ही पायरी छोटी, पण वेळेवर करायची. फिशर १९३८ मध्ये कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत बोलला होता, त्याचा आशय असा: प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. तो फार तर प्रयोग कशाने मेला ते सांगेल. नमुना किती हवा, मुख्य मोजमाप कोणतं, कोणती चाचणी लावणार, हे आधी लिहून गाईडची तारखेसह सही घ्या. मुख्य मोजमाप एकच. नाहीतर वीस गोष्टी मोजून ५ टक्के पातळीच्या वीस सुट्या चाचण्या लावल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही किमान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि मग त्याच एकीवर प्रबंध उभा राहतो. लहान नमुन्यात फरक दिसला नाही तर ‘फरक नाही’ असं लिहू नका. ‘या नमुन्यात फरक सिद्ध झाला नाही’ एवढंच लिहा.

पायरी ६: निष्कर्षाला कुंपण घाला

पश्चिमेला अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस, तर गडचिरोलीत चौदाशेच्या आसपास. बीबीएफचा एक फायदा जास्त पाण्याचा निचरा आणि दुसरा पावसाच्या खंडात ओल टिकवणं. म्हणून एका खरिपाचा निकाल त्या खरिपाच्या पावसासकट वाचायचा असतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी परिशिष्टात द्या. दुसरं वर्ष करता आलं तर उत्तम, नाहीतर ‘या पावसाच्या वर्षी’ हे शब्द निष्कर्षाच्या वाक्यातच ठेवा.

नमुना कुठून उचलला यावरही कुंपण ठरतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवर बसून अभ्यास केला असता तर त्या ८ टक्क्यांसारख्या स्त्रियाच हाती लागल्या असत्या. तुमचा नमुनाही शाळेत येणाऱ्या मुलींचा आहे. शाळा सुटलेल्या मुलींबद्दल तो गप्प आहे.

एका प्रयोगातलं दुसरीकडे लागू पडतं का, हे शेवटी दुसरीकडे करूनच कळतं. चिठ्ठीने झालेल्या नीटनेटक्या वावरातही शेतकरी सहकार्याला तयार असलेलेच असतात. आडमुठा कुणी आपल्याला वावर देत नाही.

पायरी ७: मर्यादांचं प्रकरण खरं लिहा

‘वेळ व पैशाअभावी नमुना मर्यादित आहे’ हे वाक्य मला प्रत्येक प्रबंधात भेटतं आणि त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. सुरुवातीपासून एक रोजनिशी ठेवा: कोणत्या दिवशी काय घडलं, कोण गैरहजर, यंत्र कधी बिघडलं, कुणी सऱ्या पाडल्या. मर्यादा तिच्यातूनच लिहायच्या, आणि प्रत्येक मर्यादेत तीन गोष्टी सांगायच्या: धोका कोणता, त्याने निकाल कोणत्या बाजूला झुकला असेल, आणि साधारण किती. नमुन्यादाखल असं:

‘तुलनेच्या गटातल्या बारा मुलींनी समुपदेशनाची पुस्तिका मैत्रिणीकडून वाचल्याचं सांगितलं. त्यामुळे दोन गटांतला फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असण्याची शक्यता आहे. या बारा जणींना वगळून केलेली मोजणी परिशिष्टात दिली आहे. त्यात फरक ०.४ ऐवजी ०.५ येतो. मात्र अशा वगळण्याने चिठ्ठीने साधलेली बरोबरी मोडते, म्हणून मुख्य निष्कर्ष सर्व मुलींवरच ठेवला आहे.’

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल, कारण ०.५ जास्त छान दिसतं. गाळू नका.